विसरलेले काडतूस!

बंदूक सहसा कोणी विसरत नाही. ती जड असते, महाग असते आणि बाळगणाऱ्याच्या मनात तिच्याविषयी थोडा अभिमानही असतो. विसरले जाते ते काडतूस. बोटाच्या पेराएवढी ती पितळी वस्तू बॅगेच्या अस्तरात, बाजूच्या कप्प्यात किंवा जुन्या कोटाच्या खिशात महिनोन् महिने पडून राहते. मग एके दिवशी तीच बॅग घेऊन घरधनी सहकुटुंब विमानतळावर जातो आणि तपासणीच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर ते काडतूस स्वच्छ उमटते. विमान वेळेवर उडते. मात्र हा प्रवासी त्यात नसतो. त्याची वाट पोलीस ठाण्याकडे वळलेली असते आणि त्याची बायकोमुले कोणाला दूरध्वनी करावा या विवंचनेत बाकावर बसलेली असतात.

अशा बातम्या देशातील लहानमोठ्या विमानतळांवरून वरचेवर येतात. वाचक त्या वाचतो, "असेल कोणी गुंड" असे म्हणतो आणि पान उलटतो. परंतु त्या बातमीतला माणूस दरवेळी गुंड नसतो. पुष्कळदा तो रीतसर परवाना असलेला व्यापारी असतो, बागायतदार असतो, निवृत्त अधिकारी असतो. कित्येकदा तर तो यांपैकी कोणीच नसून वडिलांची बॅग उचलून निघालेला त्यांचा मुलगा असतो. परवाना वडिलांच्या नावाचा, काडतूस वडिलांचे आणि हातात बेडी पडण्याची पाळी मात्र मुलावर! हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणूनच आज या स्तंभात आम्ही त्याचा विचार करीत आहोत.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील वाचक विचारतील, की विमान आणि बंदूक या दोन्ही थोरामोठ्यांच्या वस्तू. लोकलच्या दाराला लटकून मुंबई गाठणाऱ्या आम्हांला त्यांचे काय? हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी रास्त ठरला असता, आज तो रास्त नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. आजवर विमानतळ म्हटला की सहारची वाट धरावी लागे. आता तो पनवेलच्या अंगणात आला आहे. कारखान्यातला तंत्रज्ञ, कपड्याचा व्यापारी, परदेशी शिकणाऱ्या मुलीला भेटायला निघालेले आईबाप, असे सगळेच आता विमानाने जातात. दुसरीकडे, या पट्ट्यात शस्त्रपरवाने असलेली माणसेही थोडी नाहीत. रोकड नेणारा व्यापारी, बांधकामाचा धंदा करणारा, राजकारणात वावरणारा, अशा अनेकांना तो परवाना हवा असतो आणि काहींना तो मिळतोही. ही दोन वर्तुळे जेथे एकमेकांना छेदतात तेथे हे विसरलेले काडतूस पडलेले आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रकायदा केला तो या देशाला निःशस्त्र करण्यासाठी. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्या माणसाला त्यातून सूट, असा त्याचा उघड पक्षपात होता. काँग्रेसने त्याविरुद्ध ठरावांमागून ठराव केले. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. त्यात गोरा-काळा हा भेद उरला नाही. परंतु परवान्याचे तत्त्व कायम राहिले आणि ते राहिले हे योग्यच झाले. या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे परवाना लागतो तो केवळ बंदुकीला नव्हे, तर दारूगोळ्यालाही. पुष्कळांना हीच गोष्ट ठाऊक नसते. "बंदूक तर घरी कपाटात आहे, माझ्याजवळ एकच गोळी होती," हा त्यांचा बचाव म्हणूनच लंगडा पडतो. कायद्याच्या दृष्टीने एक काडतूस हाही दारूगोळाच होय.

दुसरी गोष्ट परवान्याच्या क्षेत्राची. परवान्यावर तो कोठे चालेल हे लिहिलेले असते. काहींचा परवाना महाराष्ट्रापुरता असतो, काहींना सबंध भारतासाठी मिळालेला असतो. मुंबईहून उडालेले विमान तासाभरात गोव्याला आणि दोन तासांत दिल्लीला उतरते. आकाशात राज्यांच्या सीमा दिसत नाहीत; परवान्याच्या कागदावर मात्र त्या शाईने आखलेल्या असतात. महाराष्ट्रापुरता परवाना असलेला मनुष्य पिस्तूल घेऊन दिल्लीला उतरला, की इथला सन्मान्य परवानाधारक तिथला आरोपी होतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची केली. मुदत लांबली म्हणजे विसरण्यालाही अवकाश लांबला. म्हणून निघण्यापूर्वी परवान्यावरचे क्षेत्र, मुदत आणि काडतुसांची संख्या या तीन गोष्टी डोळ्यांखालून घालाव्यात हे उत्तम.

आता विमानाचे नियम. १९३४ चा जुना विमान अधिनियम जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ अमलात आला आहे. कायद्याचे नाव पालटले, परंतु मूळ दंडक पालटला नाही. प्रवासी जेथे बसतात त्या भागात शस्त्र न्यायचे नाही, दारूगोळा न्यायचा नाही, शस्त्रासारखे दिसणारे खेळणेही न्यायचे नाही. मग परवानाधारकाने शस्त्र न्यायचेच नाही काय? तसे नव्हे. त्याला सरळ मार्ग आहे आणि तो अवघडही नाही. तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारावे, कारण किती शस्त्रे आणि किती काडतुसे स्वीकारायची याबाबत कंपन्यांचे आपापले नियम असतात आणि नाकारण्याचा अधिकारही त्यांना असतो. विमानतळावर नेहमीपेक्षा बऱ्याच आधी पोहोचावे. सामान देण्याच्या खिडकीवर आपण होऊन सांगावे, की माझ्याजवळ शस्त्र आहे. आणि मूळ परवाना पुढे करावा. शस्त्र रिकामे असल्याची खात्री तेथे करून घेतली जाते. ते कुलूपबंद, टणक पेटीत आणि काडतुसे त्यापासून वेगळ्या, घट्ट खोक्यात, अशी दोन्ही विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात जातात. उतरल्यावर ती रीतसर ताब्यात घ्यावयाची. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या नियमाप्रमाणे एका प्रवाशाला खोक्यासह पाच किलोपर्यंतच काडतुसे नेता येतात. दोघांची मिळून दहा किलो एका खोक्यात भरता येत नाहीत. आणि स्फोटक अथवा आग लावणारी गोळी असलेले काडतूस तर मुळीच चालत नाही. परदेशी जायचे असेल तर इथल्या कागदाखेरीज त्या देशाची परवानगी आधी हाती असली पाहिजे.

शस्त्र रिकामे करणे हा शब्द सोपा आहे, कृती तितकी सोपी नाही. पिस्तुलाचे मॅगझीन काढले म्हणजे ते रिकामे झाले, हा समज जीवघेणा आहे. मॅगझीन काढल्यानंतरही एक गोळी नळीच्या मागच्या घरात बसलेली असू शकते आणि "रिकाम्या" पिस्तुलाने घेतलेले बळी याच एका गोळीचे असतात. म्हणून आधी मॅगझीन काढावे, मग वरची स्लाइड मागे ओढून घर डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे. हे काम घरी, शांतपणे, नळी निर्धोक दिशेला धरून करावयाचे असते. भाड्याच्या मोटारीत अथवा विमानतळाच्या दारात घाईघाईने नव्हे. विमानाच्या पोटात सामान चढविणारा मनुष्य त्या पेट्या देव्हाऱ्यात मूर्ती ठेवावी तशा ठेवीत नाही. ठरलेल्या मिनिटांत शेकडो बॅगा त्याला उचलाव्या लागतात. त्या पेटीतील विसरलेली गोळी सुटली तर पहिला बळी त्या श्रमिकाचा पडेल. तो कदाचित आपल्याच बदलापुराहून पहाटेची गाडी पकडून कामावर गेलेला असेल. नियम का पाळावेत, याचे याहून निराळे कारण आम्हांस सांगण्याची आवश्यकता वाटत नाही.

तरीही कोणी म्हणेल, की एका काडतुसासाठी एवढा गाजावाजा कशाला? बंदुकीवाचून काडतूस करणार काय? त्याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान दोन तरुणांनी लाहोरला पळविले. त्यांच्या हाती होते ते खेळण्यातले पिस्तूल आणि नकली हातबॉम्ब. प्रवासी सुटले, विमान मात्र तेथे जाळण्यात आले आणि त्या घटनेनंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. २० डिसेंबर १९७८ रोजी लखनौहून दिल्लीला येणारे विमान दोघांनी वाराणसीला वळविले, तेही खेळण्यातल्या पिस्तुलाच्या धाकाने. पुढे ते दोघे विधानसभेत जाऊन बसले हा आपल्या लोकशाहीचा एक खेदजनक विनोद! आणि २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेल्या विमानात खरीखुरी शस्त्रे पोहोचली, तेव्हा काय झाले हे सबंध देशाने आठवडाभर जिवाचा कान करून ऐकले. एक प्रवासी ठार झाला आणि अपहृतांच्या मोबदल्यात तीन दहशतवादी सोडावे लागले. आज केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान आपली बॅग पुन्हा यंत्रातून काढतो तेव्हा आपण कपाळाला आठी घालतो; त्या आठीआधी या तीन तारखा आठवाव्यात. खोट्या पिस्तुलाने विमाने पळविली गेली असतील, तर खऱ्या काडतुसाकडे त्या जवानाने डोळेझाक करावी, असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

या नियमातली आणखी एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. तो सर्वांना सारखा आहे. पंतप्रधानांच्या रक्षणाचे विशेष दल आणि विमानाच्या रक्षणासाठीच नेमलेले सशस्त्र जवान यांचा अपवाद सोडला, तर मंत्र्यांच्या अंगरक्षकालाही आपले शस्त्र खाली, सामानात द्यावे लागते. जमिनीवर ज्यांच्या मागेपुढे बंदूकधारी चालतात, त्यांना आकाशात इतरांसारखेच बसावे लागते. आपल्या भागात कमरेला पिस्तूल लावून समारंभात मिरविणाऱ्या महाभागांनी या समतेचे थोडे चिंतन करावे.

येथवर आम्ही नियमाची बाजू मांडली. परंतु न्यायाला दुसरीही बाजू असते आणि ती मांडली नाही तर आम्ही आमच्या कर्तव्यास चुकू. चोरटी शस्त्रे नेणारा आणि जुनी बॅग उचलणारा, या दोघांना एकाच तराजूत तोलणे म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जाळणे होय. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात स्पष्ट सांगितले, की शस्त्र 'ताब्यात असणे' याला जाणिवेची जोड हवी. आपल्यापाशी ती वस्तू आहे याची जाणीवच ज्याला नाही, त्याच्यापाशी ती कायद्याच्या अर्थाने नाही. या तत्त्वाच्या आधारे उच्च न्यायालयांनी अशा विसराळू प्रवाशांवरील कितीतरी गुन्हे रद्द केले आहेत. पण हा दिलासा कधी मिळतो? विमान चुकल्यावर, चौकशी झाल्यावर, वकिलाची फी मोजल्यावर आणि वर्षानुवर्षे तारखांना खेटे घातल्यावर! नोकरीसाठी परदेशी निघालेल्या तरुणाचा व्हिसा तोवर हातचा गेलेला असतो. न्यायालयाने शेवटी निर्दोष म्हटले, तरी मधली वर्षे कोणी परत करीत नाही.

याच नियमांचा जाच आणखी एका वर्गाला होतो, तो म्हणजे नेमबाज खेळाडू. महाराष्ट्राने या खेळात देशाचे नाव उजळले आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळविले. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, रेल्वेतला तिकीट तपासनीस, याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. १९५२ साली खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीला वैयक्तिक पदक मिळविल्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला तसे पदक यायला बहात्तर वर्षे लागली. या सर्वांना स्पर्धेसाठी विमानाने जावे लागते आणि त्यांची बंदूक त्यांच्याबरोबर जावी लागते, कारण नेमबाजाला दुसऱ्याची बंदूक चालत नाही. वादकाला परक्याचे वाद्य चालत नाही, तसेच हे आहे. असे असता फेब्रुवारी २०२१ मध्ये मनू भाकर या ऑलिंपिकपटू मुलीला आपल्याजवळ कागदपत्रे असूनही दिल्लीच्या विमानतळावर भोपाळच्या विमानात चढू देत नाहीत, अशी तक्रार जाहीरपणे करावी लागली आणि मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर तिची वाट मोकळी झाली. पुढे याच मुलीने पॅरिसला दोन पदके आणली. ज्यांची हाक मंत्र्यांपर्यंत पोहोचते त्यांचे काम होते. उल्हासनगरच्या अथवा अंबरनाथच्या एखाद्या सोळा वर्षांच्या मुलामुलीने पहिल्याच राज्यस्तरीय स्पर्धेसाठी बंदूक घेऊन निघायचे ठरविले, तर त्याने कोणाला हाक मारावी?

नियम तोडणाऱ्यास निराळे आणि पाळणाऱ्यास निराळे वागवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते अन्यत्र जमते काय, हेही पाहावे. अमेरिकेत बंदूक हा नागरिकाचा हक्क मानला जातो. तेथेही कुलूपबंद, टणक पेटीत, रिकामी करून आणि खिडकीवर सांगून विमानाच्या पोटात ती नेता येते; हातसामानात नाही. तरीसुद्धा २०२३ या एका वर्षात तेथील विमानतळांच्या तपासणीत प्रवाशांपाशी ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेक भरलेल्या होत्या! विचारले तर उत्तर एकच, "विसरलो." जेथे बंदूक घराघरांत पोहोचते तेथे ती विसरण्याइतकी स्वस्त होते, हा त्या आकड्याचा अर्थ आहे. भारतात आज काडतुसे विसरली जात आहेत. उद्या पिस्तुले विसरली जाऊ नयेत, असे वाटत असेल तर आजच जागे व्हावयास हवे. आमच्या ज्या मराठी कुटुंबांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. तिकडच्या सरावाच्या मैदानावर वापरलेली पिशवी घेऊन दिवाळीला घरी येऊ नका. तिथला हक्क इथे गुन्हा ठरतो.

आणि आता थोडे आपल्या गावांकडे पाहू. उल्हासनगरचा जन्म शस्त्रांच्या सावलीत झाला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीच्या हिंसाचारातून जीव वाचवून आलेली सिंधी कुटुंबे येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. त्या माणसांनी शस्त्र हाती धरले नाही. शिवणयंत्र धरले, तराजू धरला आणि राखेतून बाजारपेठ उभी केली. शेजारी अंबरनाथला आयुध कारखाना आहे. तेथल्या कामगाराला फाटकावरच्या झडतीचे दुःख नसते. हिशेबाबाहेर एकही वस्तू फाटकाबाहेर जाता कामा नये, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. दारूगोळ्याविषयीची ही शिस्त आमच्या दारात पिढ्यान् पिढ्या नांदत आहे. असे असताना याच पट्ट्यात बंदूक ही प्रतिष्ठेची वस्तू होऊन बसावी, हे आमचे दुर्दैव नव्हे काय? २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, गोळ्या झाडल्या गेल्या आणि एका विद्यमान आमदारांना त्या प्रकरणी अटक झाली. प्रकरण न्यायालयात गेले असल्यामुळे दोषादोषाविषयी आम्ही अक्षर लिहीत नाही. पण ज्या जागी बंदुकीपासून रक्षण मागायला जावयाचे, त्याच जागी बंदूक बोलली, ही वस्तुस्थिती कोणाला नाकारता येईल? लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या उडविणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कायदा करणाऱ्यांनाही ही हौस शिक्षेवाचून आवरेना, असाच याचा अर्थ.

विसरलेले काडतूस या हौसेचेच पोर आहे. ज्याला शस्त्र हे ओझे वाटते तो प्रत्येक काडतूस मोजून ठेवतो. ज्याला ते भूषण वाटते तो मोजत नाही.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात आणि परवाने तेथूनच दिले जातात. प्रत्येक नवा परवाना देताना आणि प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी आयुक्तालयाने एक साधे पत्रक परवानाधारकाच्या हाती ठेवावे. ते मराठीत असावे आणि उल्हासनगरचा विचार करून सिंधीत व हिंदीतही असावे. परवाना कोठवर चालतो, काडतुसांचा हिशेब कसा ठेवावा, विमानाने जाताना कोणाला, केव्हा आणि काय सांगावे, एवढे एका पानावर मावते. याला नवा कायदा नको, मोठा खर्चही नको. लागते ती इच्छा. दुसरे असे, की नव्या विमानतळाच्या चालकांनी आणि सुरक्षा यंत्रणेने तपासणीच्या रांगेआधी मोठ्या मराठी अक्षरांत फलक लावावा: "पिशवीचे कप्पे पाहा. काडतूस असेल तर आत्ताच सांगा." आपण होऊन सांगणाऱ्या परवानाधारकाची नोंद करून ते काडतूस पावती देऊन जमा करून घेण्याची सोय तेथे असावी आणि त्याला चोराच्या पंगतीस बसवू नये. पकडले गेल्यावर सांगणारा आणि पकडले जाण्याआधी सांगणारा, यांत न्यायाने फरक केलाच पाहिजे. तिसरी सूचना खेळाडूंसाठी आहे. क्रीडा संघटनेने दिलेला आणि विमानतळावर पडताळून पाहता येण्यासारखा एकच कागद देशभर सर्व विमान कंपन्यांनी मानावा. प्रत्येक खिडकीवर नवा कायदा ऐकावा लागू नये.

परंतु सरकारला चार शब्द सुनावून नागरिकांस मोकळे सोडणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे. परवानाधारकांनो, शस्त्राची पिशवी वेगळी ठेवा आणि ती दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नका. ती प्रवासाला नाही, बाजाराला नाही, मुलांच्या सहलीला तर मुळीच नाही. सरावाहून आल्यावर काडतुसे मोजा आणि आकडा लिहून ठेवा. गोळीची किल्लीसाखळी, गळ्यातली काडतुसाची माळ, असले शौक करू नका. यंत्राच्या पडद्यावर शौक आणि शस्त्र यांची आकृती एकच दिसते. घरातल्या माणसांना शस्त्र कोठे आहे हे कळू देऊ नका, पण कोणत्या बॅगेला हात लावायचा नाही हे मात्र त्यांना जरूर सांगून ठेवा. ज्यांच्याकडे शस्त्र नाही त्यांनीही कोणाची बॅग उसनी घेऊन विमानतळावर जाऊ नये. न्यावीच लागली तर ती उलटी करून, झटकून, प्रत्येक कप्प्यात हात घालून मग भरावी. पाच मिनिटांचे हे काम पाच वर्षांचा खटला वाचविते.

बंदुकीचा परवाना हा राज्याने नागरिकावर टाकलेला विश्वास आहे. जमिनीवर तो विश्वास मोडला तर एकदोघांचे प्राण जातात. आकाशात तो मोडला तर शेदोनशे जीव, ज्यांना त्या बंदुकीशी काही घेणे नाही, एका माणसाच्या बेपर्वाईला बांधले जातात. त्या विमानात कोणी प्रथमच आकाश पाहणारी म्हातारी बसलेली असते, कोणी नोकरीला निघालेला मुलगा, कोणी माहेरी निघालेली लेकुरवाळी. त्यांनी तुमचा परवाना पाहिलेला नसतो. ते तुमच्यावर विश्वास टाकून बसलेले असतात. तेव्हा प्रवासाच्या आदल्या रात्री बॅग भरण्याआधी ती एकदा रिकामी करा. विसरलेले काडतूस सापडायचेच असेल तर ते विमानतळाच्या पडद्यावर नव्हे, आपल्याच घरच्या दिव्याखाली सापडावे!